कराकेळीचं पाणी

वैशाखातल्या दुपारी पिंगळीच्या रस्त्यावर माणूस दिसत नाही. परभणीहून पूर्णेकडे जाणारी गाडी स्टेशनात थांबते, दोन-चार जण उतरतात आणि डोक्यावर रुमाल टाकून लिंबाची सावली गाठतात. पारा ४२-४३ च्या वर गेलेला. अशा वेळी परसातली वांगी माना टाकून उभी असत आणि मला राहवत नसे.

लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी रोज भर दोनला नळी लावायचे. सकाळपासून उन्हात पडलेली ती नळी. तिच्यातलं पहिलं पाणी हात पोळेल इतकं तापलेलं. आठ-दहा दिवसांत मिरचीची रोपं गेली, दोडक्याचा वेल बुडापासून पिवळा पडला. उपटून पाहिलं तर मुळ्या काळ्या पडून कुजलेल्या. वर माती भेगाळलेली आणि वीतभर खाली नुसता चिखल.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "दुपारी झाड मान टाकतंच बाई. दिवस बुडाल्यावर उठतंय का बघायचं. सकाळीबी उठलं नाही, तर ते तहानलंय." पानांतून पाणी उडतं त्या वेगानं मुळांना ते ओढता येत नाही, म्हणून मुळाशी ओल असूनही पान लवतं, हे कारण मला पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळालं. आत्याबाईंना ते बघून बघून ठाऊक होतं. तेव्हापासून पहाटे उठून मी आधी मातीत बोट खुपसते, मग बादली उचलते.

पाणी तरी कुठून आणायचं? मे महिन्यात बोअर गुळण्या टाकायला लागतो. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवायचं. कपड्यांच्या साबणाचं मात्र वाफ्यात जाऊ द्यायचं नाही. त्यातल्या सोड्यानं आमची काळी माती दगडासारखी घट्ट होते, मग तिच्यात पाणीही मुरत नाही आणि हवाही.

अक्षय्यतृतीयेला आमच्याकडे पितरांसाठी कराकेळी पुजतात. मातीची नवी मडकी, पाण्यानं भरलेली. पूजा झाली की आत्याबाई ती वाफ्यात न्यायच्या. दोन वांग्यांच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरायच्या, भरायच्या आणि तोंडावर परळ झाकायच्या. मडक्याला रंग नसावा, भाजणी फार पक्की नसावी. भोवतालची माती जितकी सुकेल तितकं मडकं जास्त झिरपतं. माती ओली असली की आपोआप हात आखडतं. उन्हाला उडवायला वर काही उरतच नाही. पूर्वजांच्या नावानं भरलेलं पाणी झाडांच्या मुळाशी जातं, हे मला त्या पूजेइतकंच पवित्र वाटतं.

वाफ्यावर सोयाबीनच्या भुसकटाचा चार बोटं थर, पश्चिमेला तुराट्यांचा कूड, वर आत्याबाईंचं विरलेलं लुगडं ताणलेलं. तरी सगळंच टिकत नाही. टोमॅटोचा नाद मी सोडला. एवढ्या उन्हात त्याचे परागच निकामी होतात, फूल येतं आणि गळून जातं. गवार आणि भेंडी मात्र उन्हाचीच लेकरं. भेंडी मी 'परभणी क्रांती'च लावत आले. पिवळ्या शिरांचा रोग भेंडीचा मळाच्या मळा बसवतो. त्याला तोंड देणारं हे वाण पुसा सावनी आणि रानभेंडीच्या संकरातून आमच्याच परभणीच्या कृषी विद्यापीठात तयार झालं. आपल्या जिल्ह्याचं नाव देशभरच्या वाफ्यांत उगवतं, याचा मला फार अभिमान आहे. पानांच्या पाठीवर लाल कोळी दिसला, की पहाटे ओल्या फडक्यानं पानं पुसून काढते.

आणि मोगरा. माघात छाटलेला, काही दिवस पाण्यावाचून ताणलेला. बाकीचं परस होरपळत असताना तो कळ्यांनी लगडतो. सांजेला ओंजळभर कळ्या माठाशेजारी ठेवल्या, की स्वयंपाकघरातली धग थोडी मवाळ होते.

गेल्या वर्षी मृगाचे दोन पाऊस झाल्यावर मडकी काढायला घेतली. आत्याबाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. एक केळी हलेचना. हातानं माती उकरली तर वांग्याच्या पांढऱ्या मुळ्यांनी तिला चहूबाजूंनी कवळलं होतं, बारीक जाळीसारखं. मी माती परत लोटली, परळ नीट बसवला आणि ती तशीच राहू दिली.