पातेल्याची मूठ

काही जणांना स्वयंपाक येत नाही. मला स्वयंपाक येतो, अंदाज येत नाही. या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत हे मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं.

डोंबिवलीत नवीनच बिऱ्हाड थाटलं होतं. घरात माणसं दोन. पोळ्यांसाठी कणीक घेतली, पाणी घातलं, ते जरा जास्त झालं. म्हणून वर थोडी कणीक घातली. मग ती घट्ट झाली, म्हणून पाणी. मग सैल, म्हणून पुन्हा कणीक... असं करता करता परात भरली आणि डबा रिकामा झाला. नवरा ऑफिसातून आला, परातीकडे बघून अगदी शांतपणे म्हणाला, "कोण कोण येणार आहे?"

त्यानंतरचं छोले प्रकरण तर आमच्या बिल्डिंगमध्ये अजून निघतं. चार जण जेवायला येणार होते. किलोची पिशवी आणली होती, म्हटलं अर्धे ठेवून काय करायचंय, भिजवून टाकू सगळे. सकाळी बघते तर छोले पातेल्याबाहेर! कुकर तीनदा लावला. पाहुणे पोटभर जेवून गेले तरी मोठं पातेलं निम्मं भरलेलं. शेवटी आठ डबे भरून आठ घरी पोचते केले. सुटले असं वाटलं. पण आपल्याकडे शेजारचा डबा रिकामा परत करायची पद्धत नाही ना! दोन दिवसांत आठही डबे परत आले. एकात ढोकळा, एकात लिंबाचं लोणचं, दोनात शिरा, एकीने तर छोलेच पाठवले, "जरा वेगळ्या पद्धतीचे केलेत, बघा" म्हणून. आठवडाभर मी स्वयंपाक केला नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग कमीच घ्यावं की. तेही करून बघितलंय. मेथीच्या दोन जुड्या निवडल्या, कढईत मावेनात एवढा ढीग झाला. पाच मिनिटांनी झाकण काढलं तर तळाशी वाटीभर भाजी. त्यातली प्रत्येकाच्या पानात चटणीएवढी वाढली. आणि एवढ्या ढिगाला लागेल म्हणून आधीच घातलेलं मीठ? ते मात्र आटलं नव्हतं.

दोष माझा नाही, माहेरचा आहे असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. साताऱ्याच्या घरात आम्ही नऊ माणसं. आजीकडे जुनी मापं होती: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. 1958 पासून देशात किलोची वजनं यायला लागली, पण आजीची पायली काही हलली नाही. आईने मात्र ना पायली वापरली ना किलो. तिचं माप म्हणजे तिचा उजवा हात. माणशी एक मूठ तांदूळ आणि वर एक मूठ पातेल्याची. लहानपणी मला वाटायचं पातेलंही जेवतं. आई म्हणायची, "अगं, ऐन वेळेला कुणी आलं तर?" आणि कुणी ना कुणी यायचंच. बाबांचं जेवण म्हणजे मुख्यतः भात. कुणी आलं नाही तर पातेल्याची मूठ ते संपवायचे. आमच्या घरी भात कधी उरला नाही आणि कधी कमीही पडला नाही.

हेच सूत्र मी माझ्या हाताने वापरलं की गणित का चुकतं, देव जाणे.

बाबा 2022 मध्ये गेले. काही महिन्यांनी आई आमच्याकडे राहायला आली. मी, नवरा, लेक आणि आई, असे चौघं. आल्या आल्या तिने भात आपल्याकडे घेतला. मीही आनंदाने दिला. पण रोज रात्री भात उरायला लागला. थोडाथोडका नाही, चांगला दोन माणसांचा. आठवडाभर मी बघत होते. आणि खरं सांगते, मला आतून गुदगुल्या होत होत्या. एक दिवस म्हणालेच, "आई, तुझाही अंदाज चुकायला लागला की!"

सगळे हसले. आईही हसली. "अगं, वय झालं आता," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून हाक आली, "किती घालू गं?"

मी म्हटलं, "दीड वाटी पुरे." तिने स्टीलची वाटी घेतली, बोटाने वरचे दाणे सारखे केले, दीड वाटी मोजली. त्यानंतर रोज तीच हाक. किती घालू गं? साबुदाणा भिजवताना, डाळ लावताना, अगदी चहाचं पाणी ठेवतानाही. नऊ माणसांचा स्वयंपाक कुणाला न विचारता करणारी बाई, आणि आता चार कप चहासाठी मला विचारायला लागली! भात अगदी बेताचा व्हायला लागला. एकदा लेक खेळून आला आणि तिसऱ्यांदा भात घेतला, तर आई म्हणाली, "मला नकोच होता आज." तेव्हा मात्र घास उतरेना. एका फालतू विनोदापायी मी हे काय करून बसले होते!

मग मी डब्यातली वाटी काढून लपवली.

"वाटी कुठे गेली गं?"

"फुटली," मी गडबडीत बोलून गेले. स्टीलची वाटी फुटत नाही हे तिला माहीत आहे आणि मलाही. तिने माझ्याकडे एकदा बघितलं. "तू आपली हातानेच घाल," मी म्हटलं आणि तिथेच कोथिंबीर निवडत बसले. आईने पातेल्यात मुठी टाकल्या. चौघांच्या चार. पातेल्याची पाचवी. मग हात डब्यातच जरा थांबला, आणि सहावी.

मी काही बोलले नाही. ती कुणाची हे विचारण्यासारखं नव्हतं.

आता आमच्याकडे रोज भात उरतो. सकाळी मोहरी, हिंग, हिरवी मिरची, हळद घालून त्याचा फोडणीचा भात होतो आणि लेक तो डब्यात नेतो. "किती घालू गं" हळूहळू बंद झालं. चहालाही कुणी मला विचारत नाही.

माझं म्हणाल तर काही सुधारणा नाही. उद्या एकादशी. साबुदाणा मी भिजवलाय. किती, ते सांगत नाही. जवळपास राहत असाल तर डबा घेऊन या. आणि परत पाठवताना, कृपा करून, रिकामा पाठवा.