सत्तर लिटरची तूट

आमच्या घरच्या गाडीत, पुढच्या कप्प्यात, एक दोनशेपानी वही असते. तारीख, मीटरचा आकडा, किती लिटर डिझेल भरले, किती रुपये झाले आणि कोणी भरले, असे पाच रकाने तिच्यात आम्हीच पट्टीने आखले आहेत. बी.कॉम. झालेला कारकून दुसरे काय करणार? हिशेब नसला की आम्हांला जेवण गोड लागत नाही. घरातली मंडळी या वहीला हसतात. वाचकांनीही हसायला हरकत नाही. पण याच वहीने २०२३ साली आमच्या घरात जे करून ठेवले ते हसण्यासारखे नव्हते, म्हणून लिहायला बसलो आहोत.

गाडी दोन भावांची. २०१८ साली थोरल्या दादांनी अर्धे आणि आम्ही अर्धे पैसे घालून २०१३ची एक डिझेल स्विफ्ट डिझायर सेकंडहँड घेतली. आमच्या वडिलांची हयात सायकलवर गेली, त्यामुळे दारात चारचाकी उभी राहिली त्या दिवशी आईने तिच्या टपावरून हात फिरवला, म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा. डिझेलचीच का घेतली, तर ॲव्हरेजसाठी. त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात डिझेलला लिटरमागे २३.४ किलोमीटर आणि पेट्रोलला १९.१ असे छापलेले होते. शिवाय डिझेल स्वस्त, ही समजूत डोक्यात पक्की. वास्तविक ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले आणि पेट्रोल-डिझेलमधले पूर्वीचे मोठे अंतर पुढे बरेच कमी झाले. इतरांना आकडेमोड शिकवणाऱ्या आम्ही ही आकडेमोड गाडी घेताना केली नाही. असो.

तर हा २३.४चा आकडा आम्ही वहीच्या पहिल्या पानावर तांबड्या शाईने लिहून ठेवला होता. पहिली चार-पाच वर्षे कोणी त्याच्याकडे पाहिले नाही. गाडी महिन्यातून दोनदा गावाकडे, एखाद्या लग्नाला, एखाद्या बैठकीला जायची. टाकी भरायची, विसरायचे.

जानेवारी २०२३ मध्ये वहिनींचे मूत्रपिंड निकामी झाल्याचे निदान झाले आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झाले. आम्ही राहतो नाशिक रोडला. रुग्णालय शहरात, जाऊन-येऊन वीस किलोमीटर. दादांची शिफ्टची नोकरी, आमचे ऑफिस. तेव्हा दादांचा मुलगा, आमचा पुतण्या, याच्यावर ते काम आले. पदवी झालेला, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारा, म्हणजे लोकांच्या भाषेत रिकामा. सकाळी तो आईला घेऊन जायचा, चार तास बाहेर थांबायचा आणि घेऊन यायचा. डिझेलही तोच भरायचा. पैसे दादा आणि आम्ही निम्मे-निम्मे देत होतो.

जून संपल्यावर आम्ही सवयीप्रमाणे सहामाही बेरीज मारली. गाडी चालली २,९४० किलोमीटर. डिझेल लागले १९६ लिटर. भागाकार केला, ॲव्हरेज बरोबर १५. पहिल्या पानावर तांबडा आकडा २३.४. त्या हिशेबाने डिझेल लागायला हवे होते सुमारे १२६ लिटर. तूट सत्तर लिटरची! त्या वेळी डिझेल त्र्याण्णव रुपयांच्या आसपास होते, म्हणजे साडेसहा हजार रुपये.

आता वाचकहो, कारकुनाच्या डोक्यात तूट शिरली की ती चोर शोधते. आधी आम्ही पंपावर संशय घेतला. पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवलेले असते आणि कोणाही ग्राहकाला त्यात डिझेल मोजून मागता येते, ही माहिती आम्हीच वस्तीतल्या ग्राहक शिबिरात सांगत असतो. जाऊन मोजून घेतले. माप चोख. मग मेकॅनिकला दाखवले. गळती नाही, फिल्टर नुकताच बदललेला. मग उरले कोण?

एका रविवारी संध्याकाळी सगळे बसलेले असताना आम्ही वही उघडली आणि पुतण्याला विचारले, "गाडी मधल्या वेळात कुठे भाड्याने जाते का रे?" विचारताना आवाज हसरा ठेवला होता, पण तो हसरेपणा कोणाला फसवणारा नव्हता. तो काही बोलला नाही. खिशातून किल्ली काढून टीपॉयवर ठेवली आणि आत निघून गेला. दादा आमच्याकडे बघत राहिले. ते त्याचे वडील आणि आमचे थोरले बंधू. त्यांनी काय म्हणायचे?

बोलल्या त्या वहिनी. भिंतीला टेकून बसल्या होत्या. "भाऊजी, त्याला नका विचारू. मी सुई काढून बाहेर येते तेव्हा मला गाडी गार लागते. नाहीतर मळमळतं, मागे दोनदा गाडीतच उलटी झाली. म्हणून तो वीस-वीस मिनिटं आधीपासून गाडी चालू करून, एसी लावून उभा राहतो. डिझेल जळतं ते माझ्यामुळं जळतं."

आम्हांला त्या रात्री झोप लागली नाही. एका वर्षी जयंतीच्या वर्गणीत अकराशे रुपये कमी भरले म्हणून चारचौघांत आमच्याकडे बोट दाखवले गेले होते. एक पावतीपुस्तक दुसऱ्या कार्यकर्त्याकडे राहून गेले होते, एवढीच गोष्ट. आठव्या दिवशी ते सापडले. पण त्या आठ दिवसांत रस्त्याने मान वर करून चालता येत नव्हते. तेच आम्ही घरच्या पोराला केले होते, आणि तेही पावतीपुस्तक न शोधता.

तरीसुद्धा, खरे सांगायचे तर, मनातला कारकून गप्प नव्हता. वीस मिनिटांच्या एसीने सत्तर लिटर कसे जातील? म्हणून आम्ही पंधरा दिवसांची रजा टाकली आणि वहिनींना घेऊन स्वतः गाडी चालवली. निम्मा हेतू प्रायश्चित्ताचा आणि निम्मा तपासाचा होता, हे लपवत नाही.

मोजण्याची रीत सोपी आहे. पंपावर टाकी फुल करायची, नळी आपोआप बंद पडली की थांबायचे, वरून थेंब-थेंब ओतायचे नाही. मीटरचा आकडा लिहायचा. पुन्हा भरताना त्याच पंपावर, त्याच नळीने, तसेच भरायचे. दुसऱ्यांदा जेवढे लिटर मावले तेवढे मधल्या अंतरात जळले. एका भरण्यात थोडी चूक राहते, चार-पाच भरण्यांत ती मुरते. डॅशबोर्डवर काट्याच्या खाली उमटणारा ॲव्हरेजचा आकडा आम्ही वहीत घेत नाही. खरेदीची पावती असताना अंदाजपत्रकावरून हिशेब कोण लिहितो?

पंधरा दिवसांत सहा फेऱ्या, १२० किलोमीटर, डिझेल १०.९ लिटर. ॲव्हरेज अकरा! गाडी आमच्या हातात होती, भाड्याने कुठे गेली नव्हती. सकाळी इंजिन थंड, ते तापेतो द्वारका चौकातली कोंडी येते. पहिला गिअर, दुसरा गिअर, पुन्हा ब्रेक. इंजिन नीट तापून खुशीत येते न येते तोच रुग्णालयाचे फाटक. चार तास उभी राहून गाडी पुन्हा थंड. मग परत तीच कोंडी. आणि ती वीस मिनिटे. उभ्या गाडीचे इंजिन एसीसह चालू असले की तासाला अर्धा ते एक लिटर सहज पिते, आणि मीटर एक फूटही पुढे सरकत नाही.

त्याच महिन्यात धुळ्याला एका नात्यातल्या लग्नाला जाणे झाले. चांदवडजवळचा राहुडचा घाट सोडला तर रस्ता सरळ. काटा पंच्याहत्तर-ऐंशीवर स्थिर धरला. जाऊन-येऊन ३२० किलोमीटरला १५.२ लिटर. ॲव्हरेज एकवीस! तीच गाडी, तोच चालक, तेच डिझेल.

मग २३.४ हा आकडा खोटा का? तसे नाही. पुण्याला ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे लोक जिला एआरएआय म्हणतात ती १९६६ साली स्थापन झालेली संस्था आहे. तिथे गाडी रस्त्यावर पळवून हा आकडा काढत नाहीत. गाडी रुळांवर, म्हणजे फिरत्या लोखंडी रोलरवर उभी करतात. चाके फिरतात, गाडी जागच्या जागी. समोर वेगाचा आलेख असतो, चालकाने त्या रेघेवरून गाडी न्यायची. अकराशे ऐंशी सेकंदांचा, म्हणजे वीस मिनिटांना थोडा कमी, असा हा खेळ. त्यात साडेदहा किलोमीटरच्या आसपास अंतर होते, सरासरी वेग ताशी बत्तीसच्या जवळपास, कमाल नव्वद. धुराड्यातला धूर पिशव्यांत धरून त्यातल्या कार्बनवरून इंधन किती जळले ते काढतात. खोलीचे तापमान माफक आणि एसी बंद. तिथे द्वारका चौक नाही, मागच्या सीटवर उशी धरून बसलेली आजारी बाई नाही. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा, म्हणून या गाडीपेक्षा ती गाडी बरी की वाईट एवढे त्यावरून कळते. दोष आकड्याचा नव्हता. तो तांबड्या शाईने लिहून त्यावर माणूस तोलणाऱ्याचा होता.

आणखी एक चूक आमची, आणि ती बी.कॉम.ला न शोभणारी. अकरा आणि एकवीस, यांची सरासरी सोळा, मग पंधरा का पडले, असे आम्ही एकदा स्वतःशी पुटपुटलो. पण असे आकडे मिळवून दोनाने भागायचे नसतात. शंभर किलोमीटर अकराच्या हिशेबाने गेले तर ९.१ लिटर, शंभर एकवीसच्या हिशेबाने गेले तर ४.८ लिटर. दोनशेला १३.९ लिटर, म्हणजे ॲव्हरेज १४.४. संख्याशास्त्राच्या पेपरात हरात्मक मध्य म्हणून पाच मार्कांना हेच असते. युरोपात लोक शंभर किलोमीटरला किती लिटर असे उलटे मोजतात, त्यात ही फसगत होत नाही.

मग आम्ही सहामाहीचे पान पुन्हा उघडले. सव्वीस आठवडे, प्रत्येकी तीन फेऱ्या, वीस किलोमीटरप्रमाणे १,५६० किलोमीटर रुग्णालयाचे. आमच्या अकराच्या ॲव्हरेजने त्याला लागले असते १४२ लिटर. उरलेले १,३८० किलोमीटर गावोगावचे, एकवीसच्या ॲव्हरेजने ६६ लिटर. एकूण २०८. पुतण्याने जाळले होते १९६. म्हणजे आम्ही ज्याला चोर ठरवायला निघालो त्याने आमच्यापेक्षा बारा लिटर वाचवले होते, आणि तेही एप्रिल-मेच्या उन्हात एसी लावून. आम्ही मात्र जुलैच्या पावसात अकरावर आलो होतो.

वही घेऊन त्याच्या खोलीत गेलो. "चुकलो," म्हणालो. पुतण्यासमोर हा शब्द काढताना घसा कोरडा पडतो, हे त्या दिवशी कळले. त्याने हिशेब पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "काका, तुम्ही क्लचवर पाय ठेवून गाडी चालवता. आणि द्वारकाला लांब सिग्नल लागला की मी इंजिन बंद करतो, तुम्ही करत नाही." दर पंधरा दिवसांनी तो चाकांची हवा तपासत होता, हेही तेव्हाच समजले. जाताना वाटेवरच्या एका म्हाताऱ्या रुग्णालाही तो बरोबर नेत असे. ते आम्हांला त्या आजोबांनीच आमच्या पाळीच्या पहिल्या दिवशी सांगितले होते. "आज पोरगा नाही आला?" असे विचारत ते गाडीपाशी उभे होते.

किल्ली पुन्हा त्याच्याकडे गेली. वहीत त्याने सहावा रकाना आखला, शेऱ्याचा. त्यात तो लिहायचा, 'कोंडी ४० मि.', 'आईला बरे नव्हते, एसी जास्त', 'काकांनी चालवली'. तांबड्या आकड्याचे पान त्याने फाडले नाही. त्यावर रेघही मारली नाही. आम्हीच मारली.

कोणी आम्हांला विचारते, डिझेल गाडी घ्यावी का. आम्ही आधी विचारतो, रोज किती आणि कुठे जाता? लांबचा, मोकळा रस्ता रोजचा असेल तर डिझेलचे गणित बसते. त्या इंजिनात दाब जास्त, इंधनाच्या लिटरमागे ऊर्जाही पेट्रोलहून अधिक, त्यामुळे ते खरोखर काटकसरीचे आहे. पण दवाखाना, शाळा, बाजार एवढ्याच फेऱ्या असतील तर नको. एप्रिल २०२०पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी धरणारी जाळी असते, आणि ती केवळ छोट्या फेऱ्यांनी तुंबते. आमच्या गाडीच्या कंपनीने तर २०२०पासून डिझेल गाड्या बनवणेच सोडले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये वहिनी गेल्या. त्यानंतर गाडी शहरात फारशी निघत नाही. महिन्यातून दोनदा गावाकडे, एखादे लग्न, एखादी बैठक. जूनअखेर पुतण्याने सहामाहीची बेरीज मारली आणि मार्चपासूनचे चार महिने वेगळे काढले. ॲव्हरेज १९.६ आले होते. त्याने वही आमच्यापुढे धरली. शेऱ्याच्या रकान्यात काही लिहिले नव्हते. आम्ही सही केली.