अजिंठ्याच्या पायऱ्या आणि बाळाची गाडी

आपल्या वस्तीतली माणसे प्रवास करीत नाहीत असे कोणी म्हणू नये. १ जानेवारीला भीमा कोरेगाव, २० मार्चला महाड, अशोक विजयादशमीला नागपूर आणि ६ डिसेंबरला दादर, असा आपला वर्षाचा प्रवास ठरलेला असतो. त्यात पाहणे कमी नि पोहोचणे जास्त. परंतु आता आपल्या घरांतून निव्वळ पाहण्यासाठीही प्रवास सुरू झाला आहे. सुट्टीचे चार दिवस जोडून अजिंठा, वेरूळ, कार्ले, कान्हेरी बघायला जाणारी कुटुंबे वाढली, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र या प्रवासात एका माणसाचे पाहायचे नेहमी राहून जाते. जिच्या कडेवर तान्हे मूल आहे त्या बाईचे.

आमच्या मंडळाच्या सहलींचा जमाखर्च माझ्याकडे असतो, त्यामुळे बहुतेक सहलींना मी असतोच. लेण्याच्या तोंडाशी आले की एक वाक्य हमखास कानावर येते, ‘तुम्ही या बघून, मी बसते इथंच.’ बसचे भाडे तिचेही तेवढेच भरलेले असते, तिकीटही काढलेले असते. आणि ती मात्र दगडावर बसून बाळाला पदराने वारा घालीत असते. घरी आल्यावर कोणी विचारले की सांगते, ‘फार छान होतं.’ काय छान होते, हे तिने पाहिलेलेच नसते.

गेल्या जानेवारीत भाची, जावई, त्यांची चौदा महिन्यांची लेक आणि माझी आई असे आम्ही पाचजण अजिंठ्याला निघालो, तेव्हा यंदा भाचीला बाहेर बसवायचे नाही हे मी आधीच ठरवले होते. त्यातून बाबागाडीचा विषय निघाला. आमच्या आईने पहिल्यांदा नाक मुरडले. ‘माझी चार पोरं कडेवर वाढली, कुणाला चाकं लागली नाहीत,’ असे तिचे म्हणणे. ते खरेच आहे. पण तिची कंबर आज का धरते, याचे उत्तरही त्यातच आहे. शेजाऱ्यांचेही मत पडले की, ही मोटारीतून फिरणाऱ्यांची चैन, आपल्याला कशाला? हे ऐकून मला हसू आले. ज्याच्या दाराशी मोटार उभी आहे त्याच्या मुलाला गाडी एक वेळ नसली तरी चालते. बस, फलाट, पूल नि पायऱ्या ज्यांच्या नशिबी आहेत, त्यांनाच तिची गरज जास्त.

या गाडीचा इतिहासही तसाच आहे. इंग्लंडमध्ये १७३३ साली विल्यम केंट याने एका ड्यूकच्या मुलांसाठी बाबागाडी बनवली, ती ओढायला बकरी किंवा लहानसे तट्टू जुंपायचे. म्हणजे सुरुवात सरदारांच्या बागेत. १८८९ साली अमेरिकेत विल्यम रिचर्डसन या कृष्णवर्णीय संशोधकाने सुधारित गाडीचे पेटंट घेतले. बाळाची बैठक फिरवून त्याचे तोंड आईकडे करता यावे, ही त्याची युक्ती. आणि १९६५ साली ओवेन मॅक्लारेन या इंग्रज अभियंत्याने छत्रीसारखी मिटणारी गाडी काढली. हा गृहस्थ लढाऊ विमानांची चाके असलेला खालचा सांगाडा तयार करण्याच्या कामातला. त्याने ॲल्युमिनियमच्या नळ्या वापरून गाडीचे वजन पावणेतीन किलोच्या आसपास आणले. गाडी बागेतून बसमध्ये आली ती तेव्हापासून, असे म्हणायला हरकत नाही.

तर आम्ही दुकाने हिंडलो. दुकानदार काय दाखवतो? गादी किती मऊ आहे, खेळणी टांगायला दांडी आहे, बाटली ठेवायला खोबण आहे. वजन विचारले की तो इकडे तिकडे बघतो. आमच्यासारख्यांनी पहिला प्रश्न वजनाचाच विचारावा. वर्षाचे मूल सरासरी नऊ किलोचे असते, दोन वर्षांचे बाराच्या आसपास जाते. हलक्या म्हणवणाऱ्या गाड्या साधारण पाच ते सात किलोच्या असतात, तर गाद्यागिरद्यांच्या मोठ्या गाड्या दहा-बारा किलोपर्यंत जातात. आता हिशोब करा. नऊ किलोचे बाळ नि बारा किलोची गाडी पायऱ्यांवरून उचलायची म्हणजे एकवीस किलो, तांदळाच्या गोणीचीच गोष्ट झाली. सहा किलोची असेल तर पंधरा. तेही जडच, पण दोघांनी दोन्हीकडून धरले तर जमते. आपल्याकडे ही गाडी ढकलण्यापेक्षा उचलावीच जास्त लागते, हे दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर कळत नाही.

मिटण्याच्या पद्धती मुख्यतः दोन. छत्रीसारखी मिटणारी गाडी लांब नि बारीक होते, खांद्याला अडकवता येते, रेल्वेत खालच्या बर्थखाली आडवी सरकते. पण बहुतेकींचा खटका पायाने दाबून दोन्ही हातांनी मिटावे लागते, म्हणजे त्या वेळी बाळ दुसऱ्या कोणाकडे तरी हवे. दुसरी पद्धत घडी होऊन बॅगेएवढी चौकोनी होणारी. ही वरच्या फळीवर बसते, पुष्कळदा एका हाताने मिटते, मात्र किंमत जास्त. दुकानदाराने आम्हाला ती विमानात डोक्यावरच्या कप्प्यात मावते म्हणून सांगितले. जावई म्हणाले, ‘एसटीत मावते का ते सांगा.’ आम्ही छत्रीची घेतली, पावणेसहा किलोची. घेण्यापूर्वी भाचीने बाळ कडेवर घेऊन दुकानातच ती चार वेळा उघडली-मिटली. दुकानातला मुलगा कंटाळला, पण आपण संकोच करू नये. एसटीच्या पायऱ्या उंच असतात, कंडक्टर घंटी मारायला टेकलेला असतो, तिथे शिकायला वेळ मिळत नाही.

बिजागरी बोटाने चाचपून बघा. २००९ साली मॅक्लारेन कंपनीलाच अमेरिकेत सुमारे दहा लाख गाड्यांसाठी दुरुस्ती द्यावी लागली होती, कारण गाडी उघडताना मुलांची बोटे बिजागरीत सापडून तुटल्याच्या तक्रारी आल्या होत्या. तेव्हा सांधे झाकलेले हवेत, आणि गाडी उघडता-मिटताना मूल हातभर दूर. पट्टे पाच ठिकाणी अडकणारे असावेत, दोन खांद्यांवरून, दोन कमरेशी आणि एक पायांमधून. नुसता कमरेचा पट्टा असला तर मूल उभे राहते नि पुढे पडते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आधाराशिवाय नीट बसता येत नाही, त्याला बैठी गाडी चालत नाही. पाठ पूर्ण आडवी होणारी तरी घ्यावी नाहीतर सरळ झोळी बरी. आणि मुठींना पिशव्या लटकावू नका. आपल्या बायकांना मोकळी मूठ दिसली की पिशवी अडकवायची सवय. बाळ उचलले की सगळा भार मागे येतो नि गाडी उताणी होते.

रात्रीच्या गाडीने पहाटे जळगावला उतरलो. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी जागा घेतली नाही तर रेल्वेचे तिकीट लागत नाही, मिटलेली गाडी सामानात गेली. जळगावहून अजिंठा सुमारे ६० किलोमीटर, संभाजीनगरहून (२०२३ पर्यंतचे औरंगाबाद) गेलात तर १०० च्या आसपास. फर्दापूरच्या तिठ्यावर खासगी वाहने थांबतात नि पुढचे चारेक किलोमीटर तिथल्या बसने जावे लागते. सोमवारी लेणी बंद असतात, हे घरूनच लक्षात ठेवून निघावे. वेरूळ मंगळवारी बंद. दोन्ही करायची असतील तर वार जुळवल्याशिवाय रजा टाकू नका.

लेण्यांशी आलो आणि समोर पायऱ्या. इथे दोन्ही बाजूंना खुर्च्या घेतलेले डोलीवाले उभे असतात, चौघे मिळून माणसाला वर नेतात. आईचे गुडघे दुखतात म्हणून मी दर विचारायला गेलो. आई म्हणाली, ‘माणसांच्या खांद्यावर बसून बुद्धाला भेटायला जाऊ?’ मी म्हटले, त्यांचे पोट त्यावर आहे. ती म्हणाली, ‘मग त्यांना चहा पाज.’ आणि थांबत थांबत, कठड्याला धरून ती स्वतःच चढली. तिचे मत तिच्याजवळ. ज्यांचे गुडघे खरेच उचलत नाहीत त्यांनी डोली करावी, दर मात्र आधी ठरवून घ्यावा. गाडी मी नि जावयांनी दोन्हीकडून धरून वर नेली, बाळ भाचीच्या कडेवर. पायऱ्यांवर मूल गाडीत ठेवून गाडी उचलू नये, एकाचा पाय घसरला की दोघांचे जाते.

वर आल्यावर वाघोरा नदीच्या वळणाने कड्याच्या पोटात लेण्यांची रांग आहे, एकूण तीस. वाट फरसबंदी, मधूनमधून पाच-सात पायऱ्या. सलग वाटेवर गाडी चालली, फटींमध्ये पुढची चाके अडकत होती. पुढची चाके सगळीकडे फिरणारी असली की वळायला सोपे जाते, पण खडबडीत जागी ती सरळ अडकवून ठेवायचा खटका असावा. चाके थोडी मोठी असती तर बरे झाले असते असे जावयांना वाटले. मोठी चाके म्हणजे वजन वाढले, हे मी त्यांना सांगितले. शेवटी सगळे मिळत नाही.

ब्रेकची किंमत मला तिथेच कळली. वाटेच्या एका बाजूला दरी. थांबलो की आधी ब्रेक, मग पाणी, मग फोटो, असा नियम आम्ही केला होता. मागच्या दोन्ही चाकांना एकाच खटक्याने ब्रेक लागतो ना, हे दुकानातच बघावे.

लेण्यांच्या आत गाडी न्यायची नाही. आत अंधार, उंबरे, गर्दी, आणि भिंतींवरची रंगचित्रे दीड हजार वर्षांची. गाडीचा एक कोपरा घासला तरी नुकसान भरून येणार नाही. चित्रांच्या लेण्यांत चपलाही बाहेर काढतात. बाहेर सावली बघून आम्ही गाडी लावली. तोवर बाळ झोपले होते. आई पहिल्या दोन लेण्यांत जाऊन आली, पद्मपाणीसमोर हात जोडून उभी राहिली आणि मग म्हणाली, आता मी बसते हिच्याजवळ. कडेवरचे मूल बसल्या आजीकडे दिले असते तर उठले असते, रडले असते, आईलाच मागितले असते. गाडीत ते तसेच झोपून राहिले. ऊन वाटले म्हणून भाची वर ओढणी टाकायला निघाली होती, तिला मी अडवले. गाडीवर चारी बाजूंनी कापड टाकले की आत वारा खेळत नाही आणि बाहेरच्यापेक्षा आत जास्त तापते. गाडी सावलीत सरकवावी, तेवढे पुरे.

सतराव्या लेण्यात एक चित्र आहे. बुद्ध हातात भिक्षापात्र घेऊन कपिलवस्तूला आपल्याच दाराशी आले आहेत. त्यांची आकृती भिंतभर उंच, आणि समोर यशोधरा लहानग्या राहुलला पुढे करून उभी आहे. दोघांचे डोळे वर लागलेले. पुस्तकात मी हे चित्र अनेकदा पाहिले होते, शिबिरांत मुलांना दाखवलेही होते. भाची त्या चित्रापुढे बराच वेळ उभी होती. मागचे लोक पुढे सरकत होते, पहारेकरी चला म्हणाला, तरी ती हलली नाही. मी काही बोललो नाही. बाहेर आल्यावर तिने एवढेच विचारले, ‘मामा, तिनं पोराला पुढं का केलं?’ मी मला माहीत होते ते सांगितले की, राहुलने पित्याकडे वारसा मागावा म्हणून. ती म्हणाली, ‘तसं नाही वाटत. तिचा हात सोडायला तयार नाही.’ मी पुन्हा आत जाऊन पाहून आलो.

पुढे सव्वीसाव्या लेण्यातली महापरिनिर्वाणाची प्रचंड मूर्ती जावई नि मी पाहून आलो, तेव्हा भाची बाळाजवळ होती. मग आम्ही थांबलो नि ती गेली. पाळी लावली की सगळ्यांचे पाहून होते.

दुसऱ्या दिवशी वेरूळ. तिथे गाडीचे पैसे अधिक वसूल झाले. मोकळी जागा जास्त आणि बरीचशी वाट रुंद. क्रमांक १ ते १२ ही बौद्ध लेणी, त्यांतल्या दहाव्या लेण्यापुढच्या अंगणात बाळ गाडीतून उतरून स्वतः चालले. संध्याकाळी संभाजीनगरात नागसेनवनातून, मिलिंद महाविद्यालयाच्या झाडांखालून गाडी अशी गेली की आईने दहा पावले स्वतः ढकलून पाहिली.

एक गोष्ट निक्षून सांगतो. ६ डिसेंबरच्या किंवा नागपूरच्या गर्दीत ही गाडी नेऊ नये. माणसांच्या लोंढ्यात गुडघ्याच्या उंचीवरचे मूल कोणाला दिसत नाही. तिथे कडेवर किंवा पोटाशी बांधलेल्या झोळीतच मूल सुरक्षित. लोकलच्या गर्दीच्या वेळीही तेच.

आता खर्चाचे. साध्या छत्रीच्या गाड्या आम्हाला अडीच-तीन हजारांपासून दिसल्या, बॅगेसारख्या मिटणाऱ्या त्याच्या दुपटीहून पुढे. एका मुलाला गाडी सहाव्या महिन्यापासून फार तर तिसऱ्या वर्षापर्यंत लागते, आणि सहलीला वर्षातून दोन वेळा. एका घराने तीन हजार घालावेत असा हा माल नाही. म्हणून आमच्या महिला मंडळाने ठरवून ही गाडी भाचीकडून निम्म्या किमतीत विकत घेतली. ज्या घरी लहान मूल नि प्रवास आहे त्यांना ती मिळते, वहीत नाव नि तारीख लिहून. नेताना ब्रेक, पट्टे आणि बिजागरी दोघींनी मिळून तपासायची. सध्या ती मागच्या गल्लीत आहे, कार्ल्याला जाणार आहे. तिथल्या पायऱ्या अजिंठ्याहून जास्त आहेत, म्हणून झोळीही बरोबर न्या असे मी सांगून ठेवले आहे.