काटा

इंग्लंडमधल्या नॉरिचला अनुवादासाठी तीन महिने राहिले होते. जानेवारीतल्या एका सकाळी सगळे रेडिएटर गार. बॉयलरचा काटा ०.४ बारवर, थंड असताना तो १ ते १.५ च्या मध्ये हवा. घरमालकीण गावाला गेलेली. बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांची उभी नोकरी साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेली. आई गेल्यापासून मात्र फोनवर "बरंय"च्या पुढे जात नसत.

काटा दाखवताच त्यांनी चष्मा शोधला. "आमच्याकडे २१ किलोचा दाब असायचा. हे काय खेळणं! कालपर्यंत रेडिएटर वरून गार, खालून गरम होता?"

"हो."

"मग हवा धरलीय."

इंग्रजीत याला 'ब्लीड' करणं म्हणतात, रक्त काढल्यासारखं. जर्मन लोक नुसती हवा काढतात, आपल्यासारखीच. चावी फिरवली, फुस्स झालं, मग काळपट पाणी. दाब आणखी उतरला. बॉयलरखालच्या नळीचे दोन्ही कॉक हळूहळू उघडले. १.२ वर बाबा ओरडले, "बंद! दोन्ही! उद्या उतरला तर कुठंतरी गळतंय."

दुसऱ्या दिवशी त्यांचा आपणहून फोन आला.

"काटा कुठंय?"