शेपटीचे चाक

उंचीशी माझे कधी जमले नाही. पर्वतीच्या पायऱ्या चढताना मी देवाचे नाव घेतो ते भक्तीने नव्हे, आणि उतरताना घेतो ते तर मुळीच नव्हे. वाहन म्हणाल तर आजवर माझ्या मालकीची एक स्कूटर झाली, आणि तीही धावण्यापेक्षा एका अंगावर झुकून उभी राहण्यातच अधिक रमत असे. वर्गात मी पुष्पक विमानाविषयी बोलतो, पण तेही जमिनीवर उभा राहून. अशा माणसावर एका खऱ्याखुऱ्या विमानाच्या विक्रीची कामगिरी सोपवावी, हे फक्त आमच्या आत्यालाच सुचू शकते.

त्याचे असे झाले. दोन वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या एका मेळाव्यात व्याख्यान देण्याचा योग आला. बातमी कानावर जाताच आत्याने मला बोलावून घेतले. आत्या ८२ वर्षांची. यजमान लवकर गेल्यावर सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत शिवणयंत्र चालवून तिने एकुलत्या एका मुलाला इंजिनिअर केले. तो मुलगा, म्हणजे आमचा दादा, गेली पंचवीसएक वर्षे अलास्कात रस्ते आणि पूल बांधतो.

"अलास्काला जाणारच आहेस, तर एक काम कर," आत्या म्हणाली. अलास्काला जाणार असे मी म्हटलेच नव्हते! "त्याला म्हणावं, साठी आली आता. ते विमान विकून टाक. माझ्या जिवाला घोर नको."

मी होकार दिला. आत्यासमोर दुसरे काही देता येत नाही.

अँकरेज शहरात लेक हूड नावाचे एक तळे आहे. पाण्यावरून उडणाऱ्या विमानांचा जगातला सर्वांत गजबजलेला तळ म्हणून ते ओळखले जाते. काठाने विमाने अशी बांधून ठेवलेली, की आपल्याकडे नदीच्या घाटावर होड्या असाव्यात. शेजारीच खडीची एक धावपट्टी आहे. तिच्या कडेला दादाचे पिवळे विमान आभाळाकडे नाक करून बसले होते. बसले होते हाच शब्द बरोबर. कुत्रे मागचा भाग टेकवून मालकाची वाट पाहत बसते ना, अगदी तसे.

"पायपर सुपर कब," दादाने ओळख करून दिली. "जन्म १९५८, गाव लॉक हेवन, पेन्सिल्व्हेनिया. माझ्यापेक्षा वयानं मोठं आहे, तेव्हा जरा अदबीनं."

अदबीने पाहिले, आणि पोटात गोळा आला. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, आणि त्यावर चक्क कापड! बोटाने टिचकी मारली तर ताशासारखा आवाज. आत दोन जागा, एकापुढे एक. दीडशे अश्वशक्तीचे इंजिन, आणि पुढे अडीच फुटांहून उंच, फुगऱ्या गालांची दोन चाके. तिसरे चाक मात्र पार शेपटीखाली, एखाद्या चहाच्या बशीएवढे. सगळे प्रकरण रिकामे असताना साडेचारशे-पाचशे किलोंचे. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातले एक कपाट याहून जड भरेल.

पण अलास्कात हे कोणाची चैन म्हणून पाहत नाहीत. तो मुलूखच तसा आहे. राज्याची राजधानी जूनो, पण तिथे बाहेरून मोटारीने जायला रस्ताच नाही. शेकडो खेड्यांना टपाल, औषध, डॉक्टर, शिक्षक, सारे आकाशातूनच. १९२४ साली कार्ल बेन आयल्सन या तरुणाने फेअरबँक्सहून मॅकग्रा गावी विमानाने टपाल नेले. कुत्र्यांच्या घसरगाडीला ज्या वाटेवर आठवडे मोडत, ती त्याने काही तासांत संपवली. हा आयल्सन फेअरबँक्सला आला होता तो शाळामास्तर म्हणून, हे कळल्यावर मला उगाचच बरे वाटले. पुढे १९२९ साली तो विमान अपघातातच गेला हे कळल्यावर ते बरे वाटणे ओसरले. त्या पिढीचे वैमानिक हिवाळ्यात रात्री इंजिनातले तेल काढून घरात चुलीपाशी ठेवीत आणि सकाळी गरम करून परत ओतीत. गोठ्यातल्या गाईला ऊब द्यावी, तशी ही माया.

"पण चाक शेपटीला का?" मी विचारले.

"हातगाडी ओढलीस कधी?" दादा म्हणाला. "ओढली तर बिचारी सरळ मागून येते. तीच मागून ढकलायला लाग, म्हणजे ती तोंड फिरवायला बघते. नाकाखाली चाक असलेलं विमान ओढल्या गाडीसारखं. त्याचा भार मुख्य चाकांच्या पुढे असतो. याचा भार चाकांच्या मागे. जमिनीवर पळताना जरा तिरकं झालं, की शेपटीला पुढे यायची घाई होते. पायातली पेडलं सारखी हलवून तिला जागेवर ठेवावं लागतं."

"मग असलं खट्याळ जनावर बाळगायचं कशाला?"

"कारण नदीतल्या गोट्यांवर उतरायचं असतं. नाकाखालचं चाक वाळूत रुतलं, की मोडलंच. यात नाक उंच, म्हणून पंखा दगडांपासून लांब राहतो. शिवाय वजन कमी." मग हसून म्हणाला, "आणि तुमच्या जे. आर. डीं. नी १९३२ साली कराचीहून मुंबईला टपाल आणलं, ते पस मॉथही असंच शेपूट टेकून बसणारं होतं बरं का!"

आता विमान विकण्याचा विषय काढायचा, तर आधी त्यात बसणे भाग होते. दादाने मागे एक पिशवी ठेवली. तीत खाणे, कुऱ्हाड, औषधे, काड्यापेटी, मासे पकडायचे गळ आणि डास अडवायची जाळी. कुठे अडकून पडलो तर उपयोगी म्हणून तिकडे कायद्यानेही असले सामान न्यावे लागते. गळ पाहून मी मनातल्या मनात घरच्यांचा निरोप घेतला.

आम्ही निघालो. किती धावलो ते कळले नाही, कारण मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा शहर खाली गेले होते, एका बाजूला समुद्राच्या खाडीचा राखी चिखल, दुसऱ्या बाजूला चुगाच पर्वताच्या रांगा. पुढे कनिक नदी लागली. एक नदी म्हणावी तर तिच्या शंभर वेण्या, आणि पाणी सिमेंट कालवल्यासारखे. डोंगर दळीत येणाऱ्या हिमनदीचे हे पीठ. टोकाला ती हिमनदी दिसली, निळसर, भेगाळलेली. भीती कधी गेली ते समजले नाही. मी दादाच्या पाठीमागे बसलो होतो. त्याची मान, विरळ झालेले केस आणि मधूनमधून हलणारे गुडघे, एवढेच मला दिसत होते. लहानपणी त्याच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून मी लकडी पूल ओलांडत असे, तेव्हाही पुढे हीच पाठ होती.

नदीच्या मधोमध गोट्यांचा एक पट्टा होता. दादाने त्यावरून एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि मग ते पिवळे जनावर अलगद खाली ठेवले. मोठी चाके खडखडली, शेपटी टेकली, आणि थोड्याच अंतरात आम्ही थांबलो. इंजिन बंद झाल्यावर फक्त पाण्याचा आवाज.

थर्मासमधला चहा ओतून घेतला, आणि मी आत्याचा निरोप सांगितला, अगदी शब्दशः.

दादा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "इकडे ये." त्याने मला डाव्या पंखाच्या टोकाशी नेले. तिथला पिवळा रंग किंचित निराळा होता. "गेल्या सप्टेंबरात आपटलं. लेक हूडलाच. वारा आडवा होता, पण फार नव्हता. चाकं टेकली, आणि मी मनात म्हटलं, उतरलो. तेवढंच चुकलं. पाय पोचायला अर्धा सेकंद उशीर झाला. शेपटी पुढे आली, विमानानं जमिनीवरच गिरकी घेतली आणि हे टोक घासलं. मला खरचटलंसुद्धा नाही. आईला कळवलं नाही."

"मग?"

"मग काय, हिवाळाभर दुरुस्ती. मेकॅनिकच्या देखरेखीखाली, पण हात माझे. फासळ्या बदलल्या, नवं कापड चढवलं, इस्त्री फिरवून ताणलं. आणि मग टाके. फूटभर लांब सुई, मेणाचा दोरा, प्रत्येक टाक्याला गाठ. वरून खाली, खालून वर. मेकॅनिकनं विचारलं, कुठे शिकलास? म्हटलं, पुण्यात. आईच्या मशीनपाशी बसून काज-बटणं केलीत." तो पंखावरून हात फिरवत होता. रंगाखाली टाक्यांची रांग बोटांना लागत होती. "पुढच्या परीक्षेत पाय पुन्हा असे उशिरा पोचले, तर विकीन. दर वर्षी शिक्षकाला मागे बसवून बघतो. पण तिला हे आपटल्याचं सांगू नकोस."

मी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. आम्ही मास्तर लोक असल्या उत्तराला अर्धे गुण देतो.

परतताना मी डोळे उघडे ठेवले. लेक हूडच्या खडीवर चाके टेकली, आणि मी सुटकेचा श्वास सोडून "उतरलो!" म्हणणार, तेवढ्यात पुढचे दोन गुडघे मला दिसले. ते चालूच होते. डावा, उजवा, डावा. विमान जागेवर जाऊन, इंजिन बंद होऊन, पंखा निश्चल होईपर्यंत त्या पाठीने सैल व्हायचे नाव घेतले नाही.

पुण्याला आल्यावर तिसऱ्या दिवशी आत्याकडे गेलो. वाटेत तीन प्रकारची उत्तरे तयार केली होती. पण आत्याने चष्म्यातून एकदा पाहिले, आणि मी सगळे सांगून टाकले. वारा, गिरकी, घासलेला पंख, टाके, सगळे. ती ऐकत राहिली. रडेल असे वाटले, रागावेल असे वाटले. बऱ्याच वेळाने तिने विचारले, "टाके किती अंतरावर घातलेत?"

"दोन-तीन बोटांवर. पंख्याचा झोत येतो तिथे आणखी जवळ, असं म्हणाला."

"ताण जास्त, तिथे टाका जवळ," आत्या म्हणाली. "दहा वर्षांचा असताना शिकवलं होतं त्याला." मग उठली, शिवणयंत्रावरचे कापड सारखे केले, आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "त्याला म्हणावं, विकायचं तेव्हा वीक. पण उडलास की उतरल्यावर फोन कर. आणि उतरल्यावर म्हणजे टेकल्यावर नव्हे. थांबल्यावर."