नकाशांतील शाळा

घर घेतांना मनुष्य प्रथम पाण्याची चौकशी करितो, मग रस्त्याची, मग बाजाराची. शाळेची चौकशी तो मूल सहा वर्षांचें झाल्यावर करितो. आणि तोंपर्यंत शाळेची जागा बहुधा दुसऱ्याच कामीं लागलेली असते. शाळेच्या जागेची मंजुरी हा विषय वरकरणी इंजिनियर व सरकारी कचेऱ्या यांचा दिसतो. परंतु ज्या मुलाला रोज दप्तर घेऊन चालावयाचें आहे, त्याचा या विषयाशीं सर्वांत निकट संबंध आहे.

आपल्या पेण व रोहें तालुक्यांचें रूप झपाट्यानें पालटत आहे. पेणच्या गणेशमूर्ति आजही दूरदूर जातात व कुंडलिकेच्या कांठीं अद्यापि भात पिकतें. पण त्यांच्या शेजारीं आतां नव्या वसाहतींचे फलक उभे आहेत. रोह्याजवळ धाटाव येथें कारखाने आले. २०१३ सालीं आंखलेलें 'नैना' क्षेत्र पेण तालुक्यांतील कांहीं गांवांपर्यंत पोंचलें. २०२४ च्या जानेवारींत अटल सेतु खुला झाला, आणि त्याच वर्षीं उरण, पनवेल व पेण या तालुक्यांतील १२४ गांवांच्या टापूंत नवें नगर वसविण्याचें काम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोंपविण्यांत आलें. घरें येणार, माणसें येणार, आणि त्यांच्याबरोबर मुलेंही येणार.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं अशाच एका वसाहतींत घर घेतलें व तिचें सचित्र पुस्तक मला दाखविलें. त्यांत बाग होती, पोहण्याचा तलाव होता, व्यायामशाळा होती. आणि एका कोंपऱ्यांत पिवळा चौकोन होता. "सर, ही आमची प्राथमिक शाळा," ते अभिमानानें म्हणाले. एका रविवारीं दुपारीं मी ती जागा पाहून आलों. तेथें गुडघाभर गवत व वाळूचा ढीग होता. त्या विद्यार्थ्याची धाकटी बहीण मात्र आजोबांचा हात धरून, भरधाव मोटारींचा हमरस्ता ओलांडून, रोज गांवांतील शाळेत जाते. १९२९ सालीं अमेरिकेंत क्लॅरेन्स पेरी या विचारवंतानें वसाहतीची एक योजना मांडिली होती. वस्तीच्या मध्यभागीं प्राथमिक शाळा असावी व लहान मुलास मोठा रस्ता ओलांडावा लागूं नये, हें तिचें मूळ सूत्र होतें. तें सूत्र त्या दिवशीं मला पुस्तकापेक्षां त्या हमरस्त्याच्या कडेला अधिक चांगलें समजलें.

चौकोन आणि शाळा यांतील अंतर कायद्याच्या भाषेंत असें आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणें विकास आराखड्यांत शाळेसाठीं जमीन राखून ठेवितां येते. परंतु राखीव जमीन म्हणजे शाळा नव्हे. आराखडा अंमलांत आल्यापासून दहा वर्षांत ती जमीन घेतली गेली नाहीं, तर मालकास नोटीस देतां येते. आणि पुढें चोवीस महिन्यांत ती घेण्याच्या दिशेनें पावलें पडलीं नाहींत, तर आरक्षण संपलें असें समजलें जातें. आराखडा झाला त्या वर्षीं पाळण्यांत असलेलें मूल तोंपर्यंत बारा वर्षांचें होऊन आपल्या हायस्कुलांत येऊन बसलेलें असतें! जाहिरातीच्या पुस्तकांतील चौकोनास तर एवढाही आधार असेलच असें नाहीं.

जागा मिळाली तरी बांधकामास परवानगी लागते व शाळा चालविण्यास मान्यता लागते. "इतके कागद कशाला? आमच्या आजोबांची शाळा ओसरीवर भरत होती," असें पुष्कळजण म्हणतात. ओसरीवर व झाडाखालीं शिकविणाऱ्या त्या गुरुजींविषयीं माझ्या मनांत आदर आहे. तथापि १६ जुलै २००४ रोजीं तमिळनाडूंतील कुंभकोणम् येथें शाळेच्या गवती छपरास आग लागून ९४ मुलें मरण पावलीं, हें विसरून चालणार नाहीं. आणि इतकें दूर तरी कशास जावें? २४ जुलै १९८९ रोजीं अंबा नदीच्या महापुरानें आपल्याच नागोठण्यांत व वरच्या अंगास जांभूळपाड्यांत केवढा अनर्थ केला! म्हणून जोतें किती उंच, जिना किती रुंद, बाहेर पडण्यास दुसरी वाट आहे काय, असे प्रश्न विचारणारा अधिकारी मुलांचा शत्रु नव्हे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेंही प्रत्येक शिक्षकामागें एक वर्गखोली, मुलामुलींसाठीं स्वतंत्र स्वच्छतागृहें, पिण्याचें शुद्ध पाणी, क्रीडांगण व कुंपण हीं आवश्यक ठरविलीं आहेत.

पहिली ते पांचवीच्या मुलांसाठीं घरापासून एक किलोमीटरच्या आंत शाळा असावी, असा नियम आहे. पण नकाशावरील किलोमीटर आणि सहा वर्षांच्या पायांचा किलोमीटर एकच नसतो. कुंडलिकेच्या एका तीरास रोहें व दुसऱ्या तीरास अष्टमी आहे. पक्ष्याला तें अंतर नाममात्र आहे. मुलाला मात्र पुलापर्यंत चालत जावें लागतें, आणि तेंही आषाढाच्या पावसांत. हें नकाशा काढणाऱ्यास कोणी तरी सांगितलें पाहिजे. तें सांगण्याची संधि कायदाच देतो: आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर ठराविक मुदतींत कोणत्याही नागरिकास हरकती व सूचना लेखी कळवितां येतात. मुदत टळली म्हणजे मग नुसती कुरकुर उरते.

पालकहो, नवें घर घेतांना तीन प्रश्न अवश्य विचारा. शाळेची जागा मंजूर नकाशांत आहे काय? ती बांधणार कोण व केव्हां? तेथें जाणारी वाट मुलास एकट्यानें चालतां येईल काय? नोंदणी झालेल्या प्रकल्पाचे मंजूर नकाशे महारेराच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहतां येतात. आणि विद्यार्थी मित्रहो, भूगोलाच्या तासाला तुम्ही नकाशा वाचावयास शिकतां, तें केवळ परीक्षेसाठीं नव्हे. या सुटींत आपल्या घरापासून जवळच्या प्राथमिक शाळेपर्यंतचीं पावलें मोजा. वाटेंत किती रस्ते, किती ओढे, किती वळणें लागतात तीं टिपून ठेवा, आणि तो कागद घरांतील वडील माणसांस दाखवा. हरकती-सूचनांच्या मुदतींत तो नगरपालिकेच्या कचेरींत पोंचला, तर एखाद्या लहान भावाबहिणीची वाट तुमच्यामुळें सुखाची होईल.