गोबरगॅसमधले न जळणारे पाणी

जुन्नर-आंबेगावात गोठ्याजवळच्या गोबरगॅसच्या टाकीत शेण आणि पाणी समभाग कालवून सोडतात. हवेवाचून ते आंबते आणि मिथेन, कार्बन डायऑक्साइड व किंचित हायड्रोजन सल्फाइड असा वायू निघतो. शेगडीला उष्णता मिळते ती मुख्यतः मिथेनमधून. रबडीच्या अंगावरच साठत असल्याने हा वायू वाफेने पुरता भरलेला असतो.

वाफ जळत नाही, पण जागा अडवते. किती, ते तापमानावर ठरते. जुन्नर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच आहे, त्यामुळे हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण ८ टक्के कमी. अशा ठिकाणी १५ अंशांवर वायूचा जेमतेम २ टक्के भाग वाफेचा असतो. ३५ अंशांवर तो ६ टक्क्यांवर जातो. त्यात उष्णतेने वायू फुगतो. ६० टक्के मिथेनचा कोरडा वायू प्रमाण दाबाला, शून्य अंशावर घनमीटरमागे सुमारे ५,१०० किलोकॅलरी देतो. जुन्नरला तोच ओला वायू १५ अंशांवर सुमारे ४,४०० आणि ३५ अंशांवर ३,९०० देतो. उन्हाळ्यात टाकी जास्त गॅस देते, पण त्याचा प्रत्येक घनमीटर हलका पडतो.

वाफेचे थेंब झाले की त्रास वाढतो. २५ अंशांच्या ओल्या वायूत घनमीटरमागे सुमारे २३ ग्रॅम पाणी असते. हिवाळ्याच्या पहाटे नळी १२ अंशांपर्यंत गार झाली, तर त्यातले निम्म्याहून जास्त नळीतच उतरते. रोजचा दोन घनमीटर गॅस असा गार होत गेला, तर महिन्याला जवळजवळ पाऊण लिटर पाणी साचेल. सखल जागी ते अडते, वायू बुडबुडे काढत पुढे जातो आणि भाकरीच्या तव्याखाली ज्योत भकभकते.

मिथेन जळतानाही पाणी होते: घनमीटरमागे सुमारे १.६ किलो. त्याची वाफ शेगडीवरून उडून जाते आणि सोबत मिथेनच्या एकूण उष्णतेचा दहावा भाग नेते. म्हणून उष्मांक एकूण आणि निव्वळ असे दोन सांगतात. स्वयंपाकाला उपयोगी पडतो तो निव्वळच. वर दिलेले आकडे निव्वळ उष्मांकाचे आहेत.

मोठ्या वाहिन्यांतला नैसर्गिक वायू ग्लायकॉलने वाळवतात. घरच्या टाकीला नळीचा नीट उतार आणि सर्वांत सखल जागी एक तोटी पुरते. नळीत उतरलेले पाणी तोटीतून सोडले की शेगडीपर्यंत पोहोचतो तो टाकीतल्यापेक्षा कोरडा वायू.